देवळामागची गुवाहाटी

"कानपूर कुठे आहे?" तपासणीला आलेल्या कुरणे साहेबांनी विचारलं.

"शिंप्याच्या बोळात," जगू म्हणाला.

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच, उत्तर अगदी बरोबर होतं. साहेबांची छडी मात्र भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे निघाली होती ती अर्ध्या वाटेत थांबली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जगूकडे.

"बरं. मग कोचीन?"

"कानपूरला लागूनच की, सायेब. मधी सामाईक भिंत हाय. तिच्यावरनं दोघांचं भांडाण बी हाय."

"आणि दिल्ली?"

"दिल्लीला कुलूप हाय. आता जत्रंला उघडत्याल."

साहेबांच्या मागे उभे असलेले आमचे हेडमास्तर बंडगर गुरुजी टोपी काढून घाम पुसू लागले. थंडीचे दिवस होते, पण गुरुजींना तपासणी म्हटलं की बारमाही घाम. आणि एवढ्यात कोपऱ्यातून, कुणी विचारलेलं नसताना, शालन बोलली.

"आमची गुवाहाटी देवळामागं हाय."

साहेबांनी छडी टेबलावर ठेवली. "शिरतोडे बाई," ते म्हणाले, "हा भूगोल तुम्ही शिकवलात?"

हा भूगोल मी शिकवला नव्हता. तो हिंगणखोरीच्या पोरांना पाळण्यातच मिळालेला होता.

एशियाड होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नोकरीला नवी आणि हिंगणखोरी माझं पहिलं गाव. पाऊस त्या भागावर पहिल्यापासूनच रुसलेला. शेतात राबून पोट भरेना म्हणून तिथली माणसं फार पूर्वीपासून सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली. जुने दागिने आटवायचे, सराफाच्या पेढीवरची माती धुऊन त्यातला सोन्याचा कण काढायचा. या धंद्याला गलाई म्हणतात. एकाने कानपूरला दुकान टाकलं की भाऊ, पुतणे, मेहुणे त्याच्यामागे जायचे. मग त्या घराला गावात कुणी आडनावाने ओळखतच नसे. ते कानपूर. त्याच्या शेजारचं कोचीन. "कोचीनची म्हैस व्याली", "सेलममधनं विरजण आण", असं बोलणं दिवसभर कानावर यायचं. पहिल्या आठवड्यात मी एका बाईला विचारलं होतं, "आज गर्दी कसली?" तर ती म्हणाली, "मद्रासचा आन् जालंधरचा सोयरसंबंध जुळला न्हवं का!" मी मनात म्हटलं, बाई, आपण नोकरीला कुठं आलो!

पण हे सगळं साहेबांना कोण सांगणार? ते आधीच तापले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या शालनला उठवलं.

"तू गुवाहाटीची काय? पुढे ये. हा धडा वाच."

शालन देवकर पुढे आली. अंगाने किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, आणि कुणाकडेही सरळ रोखून बघायची सवय. तिने पुस्तक हातात घेतलं आणि ती गप्प उभी राहिली. साहेब म्हणाले, "पहिलं वाक्य." ती गप्प. "बरं, पहिला शब्द." ती गप्पच. साहेबांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. शालनने त्या बोटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले.

"चौथीत आहे ही?" साहेबांनी विचारलं. "हिला चौथीत बसवलं कुणी?"

गुरुजी पुटपुटले, "साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग वार्षिक परीक्षेत हिचा निकाल काय लावणार आहात? तिसरीत घ्या हिला."

मी नवी होते, पण तोंडाने मी कधीच नवी नव्हते. "साहेब," मी म्हणाले, "परीक्षेला अजून वेळ आहे. तुम्ही त्याआधी पुन्हा येणारच. तेव्हा हिलाच उठवा. वाचलं नाही तर मग तिसरीत घेऊ."

गुरुजींनी मागून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पेन्शनवरच पाणी फिरवलं होतं. साहेबांनी क्षणभर विचार केला.

"ठीक आहे. हिलाच उठवीन. लक्षात ठेवा."

शाळा सुटल्यावर मी गुवाहाटीला गेले, म्हणजे देवळामागे. शालनची आई, आक्काताई, म्हशीला वैरण टाकत होती. मी झालेलं सांगितलं. तिने हातातली पेंढी टाकून घेतली. मग हात झटकून म्हणाली, "बाई, म्हागं बसवायची आसंल तर घरीच बसू द्या. सोबतीच्या पोरी म्होरं जायच्या आन् हिनं बारक्या पोरांत बसायचं? त्यापरीस म्हस तरी राखंल. मलाबी तेवढाच हात हलका."

"तिचे वडील काय म्हणतील?"

"त्यास्नी इचारायला ते हितं हाईत कुटं?" आक्काताई एवढंच म्हणाली आणि पुन्हा वैरणीकडे वळली. शालन उंबऱ्यावर बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी घरी आले आणि रागारागात भाकरी करपवली. राग कुणाचा होता ते मला नीट सांगता आलं नसतं. साहेबांचा नाही, आक्काताईचा तर नाहीच. एवढी चुणचुणीत पोर, गावातल्या कुठल्या घराची गाय कधी विणार हे सांगते, आणि हिला 'कमळ' वाचता येत नाही? तिने कमळ पाहिलंय कधी? त्या गावात प्यायला पाणी नाही, तिथं कमळ कुठून येणार?

करपलेली भाकरी खाता खाता माझं मलाच हसू आलं. पोरांनी जे पाहिलं होतं, ज्याच्या भिंतीला टेकून ती वाढली होती, ते त्यांना मी लिहून कधी दाखवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी खडूची पेटी घेतली आणि तिसरी-चौथीची सगळी पोरं घेऊन गावात शिरले. शिंप्याच्या बोळातल्या पहिल्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कानपूर. शेजारी: कोचीन. पुढे कुलूप लावलेल्या दारावर: दिल्ली. पोरं आधी दबकत होती, मग ओरडायला लागली. "बाई, सेलम ऱ्हायलं!" "बाई, आमचं लिवा आधी!" कोचीनची म्हातारी धावत बाहेर आली. "आगं बया, घरपट्टीवालं आलं का काय? जप्तीचं लिवलंय व्हय?" तिला समजवायला जगूला दहा वेळा 'कोचीन' वाचून दाखवावं लागलं. दहाव्या वेळी म्हातारीच म्हणाली, "म्हंजी ह्ये वाकडं हाय त्ये 'को' व्हय?"

देवळामागच्या दारापाशी आल्यावर मी खडू शालनच्या हातात दिला आणि तिचा हात धरून लिहिलं: गुवाहाटी. ती मागे सरकून त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"ह्ये आमचं घर?" तिने विचारलं.

"तुमचं घर."

तिने बोट फिरवलं. शेवटच्या अक्षरावर थांबली. "ह्ये पाटीत बी हाय. तुमी फळ्यावर 'पाटी' लिवता, त्यातलं."

मी खडूची अख्खी पेटीच तिच्या हातात दिली. 

त्या दिवसापासून आमचं वेळापत्रक गेलं ते गेलंच. भूगोलाच्या तासाला आम्ही वाचायचो, भाषेच्या तासाला गाव धुंडाळायचो. कोचीनचा 'को' कोंबडीला लावून बघायचो, दिल्लीचा 'दि' दिव्याला. बंडगर गुरुजी पहिली-दुसरीला शिकवता शिकवता खिडकीतून बघायचे आणि हळूच यायचे.

"बाई, आता कुठला तास?"

"भूगोल, गुरुजी."

"मग ही पोरं लिहितायत काय?"

"भूगोलच लिहितायत."

"अहो, भिंतीवर वेळापत्रक टांगलंय ते काय शोभेला? भूगोलाच्या तासाला भूगोल, भाषेच्या तासाला भाषा. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हणायचे. गुरुजी मान हलवत परत जायचे. माणूस भित्रा, पण मनाने निर्मळ. माझ्यासाठी खडूची जादा पेटी त्यांनीच स्वतःच्या खिशातून आणली होती, हे मला फार नंतर कळलं.

मग आम्ही मैदान हातात घेतलं. खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की शाळेत पडून होती. तिने मी अख्ख्या मैदानभर भारताचा नकाशा काढला. काश्मीर पाण्याच्या टाकीपाशी, कन्याकुमारी फाटकाजवळ. पोरांना सांगितलं, प्रत्येकाने आपल्या अंगणातला एक दगड आणायचा, त्यावर घराचं नाव आपल्या हाताने लिहायचं. गावाचा दगड म्हणून जगूने एक शेंदूर लावलेला दगड आणला. गुरुजींनी तो कान धरून परत ठेवायला लावला. "देव उचलून आणलास, गाढवा!" मग एक साधाच दगड नकाशात हिंगणखोरीच्या जागी ठेवला.

दगड मांडायला लागलो आणि गोंधळ उडाला. जगूने कानपूरचा दगड ठेवला आणि कोचीनच्या सुमनला म्हणाला, "तुझा माझ्या शेजारी ठेव." मी भिंतीवरचा नकाशा मैदानात आणून अंथरला. "शोध. नाव वाच आणि शोध." पोरं नकाशाभोवती गुडघ्यावर बसली. अक्षर अक्षर लावत कोचीन सापडलं ते पार खाली, फाटकाशी. सुमन दगड घेऊन चालत गेली. जगू तिच्याकडे बघत राहिला.

"बाई, ह्ये चुकलंय," तो म्हणाला. "कोचीन आमच्या भिंतीला हाय."

"घर भिंतीला आहे. घरातला माणूस तिथे आहे, फाटकापाशी."

जगूने एकदा दोन्ही दगडांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी आमचं नाना आन् त्येंचं आण्णा तिकडं एकमेकास्नी दिसत बी न्हाईत?"

"नाही."

"आन् हितं भिंतीवरनं भांडत्यात!"

शालन आपला दगड घेऊन उभी होती. तिने नकाशावर गुवाहाटी स्वतः शोधली. आधी 'टी' धरली, मग मागे मागे गेली. सापडल्यावर ती उठली आणि चालायला लागली. गावाच्या दगडापासून निघाली, कानपूर ओलांडलं, पुढे गेली, पार बांधाच्या कडेला गेली. तिथे दगड ठेवून मागे वळून बघितलं. आम्ही सगळे तिच्यापासून लांब राहिलो होतो. 

त्या दिवशी मैदानाचा एक नेम ठरला. नेम पोरांनीच केला. माणूस गावाला आला की त्याचा दगड उचलून गावाच्या दगडाशी आणून ठेवायचा, आणि परत गेला की पुन्हा त्याच्या जागी न्यायचा. जगूचा काका संक्रांतीला आला तर जगूने सगळ्या वर्गाला पुढे करून मिरवणुकीने कानपूरचा दगड आणला. काका बिचारा बॅग हातात घेऊनच बघत राहिला.

मग पोरांनी पत्रं लिहिली. प्रश्न पोरांचे, हात पोरांचा, फक्त अडलं तिथे मी. तुमच्याकडं काय पिकतं? नदी हाय का? लोक कंची भाषा बोलत्यात? तुमास्नी ज्वारीची भाकरी मिळती का? मी शुद्धलेखन सुधारलं नाही. गुरुजी म्हणाले, "बाई, ही भाषा?" मी म्हटलं, "गुरुजी, बापाला लिहिलंय, परीक्षकाला नाही."

उत्तरं यायला लागली आणि वर्ग पेटला. कानपूरहून आलं की गंगा एवढी रुंद आहे की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. हिंगणखोरीच्या पोरांना हे पटेना. तीन दिवस आमचा वाद चालला, नदीत एवढं पाणी ठेवून लोक करतात काय? कोचीनहून आलं की इथं मासे खोबरेल तेलात तळतात. मुलींनी नाकं मुरडली, "आमी डोक्याला लावतो त्ये?" जालंधरहून आलं की थंडीत सकाळी धुक्याने समोरचं दुकान दिसत नाही. प्रत्येक उत्तर वाचलं जायचं, मग त्यातलं एक वाक्य फळ्यावर, मग वहीत. पुस्तकातला 'हवामान आणि पिके' हा धडा मी नंतर काढला तेव्हा जगू म्हणाला, "ह्ये तर आपुन केलंय की!"

सगळीकडून उत्तर आलं. गुवाहाटीहून आलं नाही.

शालन रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहायची. तो सायकलवरूनच मान हलवायचा. पण दुसऱ्यांच्या उत्तरांवर ती तुटून पडायची. कुणाचंही पत्र आलं की म्हणायची, "बघू, मला बघू." पोरं आळशी, त्यांना ऐकायला हवं, वाचायला नको. म्हणून पोरं पत्र शालनच्याच हातात द्यायची. आधी ती अडखळायची, पोरं ओरडायची, "पुढं काय, पुढं काय!" आणि ती पुढचं शोधत सुटायची. सेलमचं पत्र वाचताना मला अचानक जाणवलं की बराच वेळ झाला, ती कुठे अडलेली नाही. मी खुर्चीवर बसले होते, तशीच बसून राहिले. उठून काही बोलले तर ती थांबेल, ही भीती.

शाळा सुटल्यावर मी तिला मैदानात गाठलं. ती गुवाहाटीच्या दगडाशी बसली होती.

"शालन, साहेबांपुढे तू एक अक्षर बोलली नाहीस. आता सेलमचं अख्खं पत्र वाचलंस."

तिने दगडावरची धूळ बोटाने पुसली. "आमच्यात कागद आला की आई रडती, बाई. थोरलं चुलतं वाचून दावत्यात. दर बारीला तेच. यंदा येनं जमत न्हाई. मला वाटायचं, कागदात तेवढंच लिवल्यालं असतंय. मग कशाला शिकायचं वाचाय?"

मी तिच्याजवळ मातीत बसले.

"आता कळलं," ती म्हणाली. "सेलमच्या कागदात हत्ती होता. कानपूरच्यात गंगा होती."

"आणि गुवाहाटीच्यात काय असेल?"

तिने गावाच्या दगडाकडे बघितलं. "बाई, कानपूर निम्म्या वाटंवर हाय. कानपूरचा कागद यायलाच किती दीस लागलं. आमच्या कागदाला अजून लई चालायचंय." मग जरा थांबून म्हणाली, "आबा येत न्हाईत म्हून मी त्येंच्यावर रुसली व्हती. मला वाटायचं देवळामागनं तर यायचं हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. पुसायचं कशाला? तिथे दुसरं कुणी नव्हतं.

फाल्गुनात कुरणे साहेब आले. न सांगता आले. आम्ही सगळे मैदानात होतो, जगू मुंबईवरून पळत होता आणि गुरुजी त्याला "समुद्रात पडशील!" म्हणून ओरडत होते. गुरुजीही आता आमच्यातले झाले होते, फक्त त्यांनी ते अजून कबूल केलं नव्हतं. साहेबांना फाटकात बघताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता कोणता तास चालू आहे?" साहेबांनी कन्याकुमारीत उभं राहून विचारलं.

गुरुजींनी वेळापत्रक आठवायचा प्रयत्न केला. माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही, साहेब," मी म्हणाले. "भाषा आणि भूगोल."

 साहेब विसरले नव्हते. त्यांनी नजरेने पोरं चाळली आणि बरोबर तिलाच शोधलं.

"तू. गुवाहाटी. सांग बरं, गुवाहाटी कुठे आहे?"

बांधापलीकडे दहा-बारा बाया जमल्या होत्या, त्यात आक्काताई होती. डोक्यावर गवताचा भारा तसाच. 

शालन उठली. साहेबांकडे नेहमीसारखं सरळ रोखून बघितलं.

"कंची गुवाहाटी, सायेब? देवळामागली का ब्रह्मपुत्रेकाठची?"

साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"दोन आहेत?"

"घर देवळामागं. आबा ब्रह्मपुत्रेकाठी. या, दावते." आणि ती चालू लागली. साहेबांना तिच्यामागे जावंच लागलं. कडक इस्त्रीची पॅन्ट, पायात बूट, आणि पुढे किडकिडीत पोर. "ह्ये कानपूर, हितं गंगा हाय. तिकडं ऊस पिकतोय, चामड्याचं कारखानं हाईत. जगूचं नाना हितं असत्यात. ह्ये कलकत्ता, हितं गाडी बदलायची. आता सावकाश या, पुढं डोंगर हाईत." गुवाहाटीच्या दगडाशी थांबून ती म्हणाली, "तिथं पाऊस लई पडतो आन् चहा पिकतो. ह्ये पुस्तकात वाचलं. आबांचा कागद अजून आला न्हाई."

साहेबांनी वाकून दगडावरचं नाव वाचलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे पाठ केलेलं नसेल. वाच."

 शालनने घडी उलगडली. साखर कारखान्याच्या निवडणुकीची बातमी होती. ती वाचू लागली. सावकाश, पण न थांबता. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला, जोडाक्षरांनी गच्च भरलेला. ती थांबली. पुन्हा पाहिलं.

"ह्ये मला येत न्हाई," ती म्हणाली. "खालचं वाचू?"

साहेबांनी पेपरात डोकावून बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, निदान आमच्या शाळेत पहिल्यांदाच, ते मोठ्याने हसले. "तो मलाही नोकरी लागल्यावर आला. वाच, खालचं वाच."

तिने बातमी शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर पेपराची घडी पूर्वीसारखी घातली आणि परत दिली. बांधापलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी, मग सगळ्याच. आक्काताईला टाळी वाजवता येईना, दोन्ही हात भाऱ्याला. ती नुसती उभी होती आणि तिचं तोंड गवताआड दिसत नव्हतं.

"परीक्षेला बसवा हिला," साहेब म्हणाले. जायला निघाले, तेवढ्यात शालनने त्यांना अडवलं.

"सायेब, तुमचं गाव कंचं?"

"माझं? नांदेडकडे आहे. का?"

तिने जमिनीवरचा एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला. "ठेवा की मग."

आणि आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी पॅन्ट वर ओढून, उकिडवं बसून, नकाशात आपलं गाव शोधलं. "सायेब, अजून थोडं उजवीकडं," शालन म्हणाली, आणि त्यांनी तो दगड मुकाट्याने उजवीकडे सरकवला.

ते गेल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. टोपी हातात होती, पण घाम नव्हता. "बाई," ते म्हणाले, "आडात पाणी होतं. आपलाच दोर तोकडा पडत होता."

शालनने चौथीची परीक्षा दिली. निकाल लागायच्या आधीच चैत्रातली जत्रा आली. दिल्लीचं कुलूप निघालं, सेलमच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या, मैदानात रोज दगडांच्या मिरवणुका निघाल्या. गावाच्या दगडाभोवती नुसती गर्दी झाली. बांधाच्या कडेचा एक दगड तेवढा जागचा हलला नाही. शालन रोज जाऊन त्याच्यावरची धूळ पुसून यायची. 

पालखीच्या आदल्या दिवशी मी आणि गुरुजी निकालपत्रकं करत बसलो होतो. पोरं बाहेर खेळत होती. फाटकाशी एक माणूस आला. हातात पत्र्याची ट्रंक, अंगावर दोन-तीन दिवसांच्या प्रवासाची धूळ. घरी न जाता आधी शाळेत आलेला दिसत होता. त्याने मला नमस्कार केला आणि खिशातून घड्या पडून मऊ झालेलं पत्र काढलं.

"ह्ये पोरीनं लिवलंय," तो म्हणाला. "दुकानातल्या मुनीमजीकडनं रोज वाचून घेतो. उत्तर लिवाय बसलो, बाई, चारदा बसलो. पर मला लिवाय येतंय कुटं? माझे कागद सारे दुसऱ्यानंच लिवल्याले. ह्यात मी दुसऱ्याच्या हातनं काय सांगू? मग म्हटलं, उत्तर घिऊन आपुनच जावं." आणि मैदानाकडे बघत त्याने विचारलं, "कागदात लिवलाय त्यो आमचा दगड कुटं हाय?"

मला सांगावं लागलं नाही. पोरं खेळायची थांबली होती. शालन जागच्या जागी उभी होती. मग ती पळत सुटली, पण बापाकडे नाही. ती उलट्या दिशेने पळाली, कानपूर ओलांडून, कलकत्ता ओलांडून, पार बांधापर्यंत. तिथून दोन्ही हातांनी दगड उचलला आणि छातीशी धरून परत निघाली. सगळी पोरं तिच्यामागे ओरडत निघाली. तिचा बाप गावाच्या दगडाशी, ट्रंक खाली ठेवून, तिची वाट बघत उभा होता.

तिने दगड त्याच्या पायाशी ठेवला. मग माझ्याकडे वळून, धापा टाकत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली:

"बाई, सायेबास्नी कळवा! गुवाहाटी देवळामागं आली!"